'सेलम्स लॉट' (१९७९) पुन्हा पाहायला बसताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टीफन किंगच्या एका गावातल्या पिशाचांवरच्या भयकादंबरीवर अमेरिकेत १९७९ साली दोन भागांची दूरचित्रवाणी मालिका निघाली. नागपुरात घरच्या घरी, चार-सहा मित्रांना बोलावून ती पुन्हा पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. आधी प्रत, टीव्ही, आवाज अशी तयारीची उत्तरं आहेत, मग मालिका कशी बनली ते. शेवट कळला तर चालणार नसेल, तर 'इथून पुढे शेवट उघड होतो' या ओळीपाशी थांबा.

याच नावाच्या तीन-चार गोष्टी दिसतात. तुम्ही कोणतीबद्दल बोलताय?

टोबी हूपरने दिग्दर्शित केलेली. सीबीएस वाहिनीवर १७ आणि २४ नोव्हेंबर १९७९ या दोन शनिवारी ती दाखवली गेली. डेव्हिड सोल (लेखक बेन मीअर्स), जेम्स मेसन (पिशाचाचा हस्तक स्ट्रेकर), लान्स कर्विन (मार्क पेट्री हा मुलगा), बॉनी बेडिलिया (बेनची मैत्रीण सुझन) आणि रेजी नाल्डर (पिशाच बार्लो) ही मुख्य मंडळी. पटकथा पॉल मोनॅशची, निर्माता रिचर्ड कोब्रिट्झ.

२००४ सालची मालिका वेगळी. तिच्यात रॉब लो, डोनाल्ड सदरलंड आणि रुट्गर हाउअर आहेत. २०२४ मध्ये याच कादंबरीवर एक चित्रपटही आला. १९८७ साली 'अ रिटर्न टू सेलम्स लॉट' नावाचा चित्रपट निघाला होता, पण त्याचा या कथेशी नावापुरताच संबंध आहे. शोधताना वर्ष आणि हूपरचं नाव दोन्ही तपासा. मुखपृष्ठावर निळसर चेहऱ्याचा, उंदरासारखे पुढचे दात असलेला टकला पिशाच दिसला, तर बहुधा बरोबर जागी आलात.

प्रत बरोबर आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

लांबी पाहा. पूर्ण मालिका सुमारे १८३ मिनिटांची आहे. युरोपात चित्रपटगृहांसाठी तिची ११२ मिनिटांची आवृत्ती काढली होती आणि तीही फिरत असते. म्हणजे ७० मिनिटांहून जास्त भाग गेला. कापला गेला तो मुख्यतः गाव: कोणाचं कोणाशी जमतं, कोणाचं बिनसलंय, कोण कोणाकडे भाड्यानं राहतं. त्या आवृत्तीत हिंसेचे एक-दोन क्षण टीव्हीपेक्षा जास्त उघड आहेत, म्हणून काही जण तिची शिफारस करतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती देऊ नका. जी माणसं नीट भेटलीच नाहीत, ती नाहीशी झाल्याचं काही वाटत नाही.

लांबी १७५-१७६ मिनिटं दिसली तर घाबरू नका, काही कापलेलं नाही. मूळ चित्रण सेकंदाला २४ चौकटींचं आहे. युरोपच्या 'पाल' या टीव्ही-पद्धतीत ते २५ चौकटींनी चालवतात, त्यामुळे सगळं साधारण ४ टक्के भरभर जातं आणि आवाजही किंचित चढा लागतो. जेम्स मेसनचा आवाज हा या मालिकेचा निम्मा जीव आहे. २४ चौकटींची प्रत मिळत असेल तर तीच घ्या. वॉर्नरने २०१६ साली काढलेली ब्लू-रे पूर्ण लांबीची आहे आणि तिचं चित्रही मूळ मापाचं आहे.

एकाच रात्री तीन तास पाहायची की दोनदा बसायचं?

दोनदा, आणि जमलं तर मध्ये आठवडा जाऊ द्या. मूळ प्रेक्षकांनी तशीच पाहिली. पहिल्या भागात भीतीची पेरणी आहे. ती मनात मुरायला दिवस मिळाले तर दुसरा भाग फार जोरात लागतो.

अडचण अशी की अनेक प्रतींमध्ये दोन्ही भाग सलग जोडलेले असतात, मध्ये कुठेही 'भाग पहिला समाप्त' येत नाही. अशा वेळी डॅनी ग्लिक या मुलाच्या दफनानंतर कबरी खणणारा माइक रायर्सन एकटाच कबरीत उतरतो, तो प्रसंग संपला की थांबवा. तो साधारण मध्याच्या आसपास येतो. त्याच्या आधी थांबलात तर पहिली बैठक अर्धवट वाटते. बरंच पुढे जाऊन थांबलात तर दुसऱ्या बैठकीची सुरुवातच थेट धावपळीत होते.

टीव्हीवर माणसं जाडी दिसतात. काय बिघडलंय?

काही बिघडलेलं नाही, टीव्हीनं चित्र ताणलंय. मालिका जुन्या, ४:३ मापाच्या पडद्यासाठी काढली आहे. आजचे टीव्ही १६:९ चे. टीव्हीनं रिकाम्या कडा भरायला चित्र ओढलं की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशानं रुंद होतो. दुसरा प्रकार 'झूम'चा. त्यात चेहरे नीट राहतात, पण वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं जातं. हे जास्त वाईट. या मालिकेत भीतीची वस्तू बऱ्याचदा चौकटीच्या अगदी वरच्या किंवा खालच्या काठाशी असते: जिन्याच्या टोकाला, खिडकीच्या तळाशी, स्वयंपाकघराच्या जमिनीवर.

टीव्हीच्या 'पिक्चर' विभागात जाऊन माप '४:३' किंवा 'ओरिजिनल' करा. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत. ४३ इंची टीव्हीवर प्रत्यक्ष चित्र सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद उरतं आणि दोन्ही बाजूंना साधारण १२-१२ सेंटिमीटरचे पट्टे येतात. कर्ण मोजला तर ३५ इंची टीव्ही पाहतोय असं समजा आणि खुर्च्या तेवढ्या पुढे ओढा. दीड ते दोन मीटरवर बसलं की बरोबर. दहा माणसांना हा टीव्ही पुरत नाही. ५५ इंचीवर चित्र ४५ इंची पडतं, तिथे आठ-नऊ जण आरामात बसतात.

त्याच विभागात हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, बहुतेक नावांत 'मोशन' हा शब्द असतो. ती बंद करा. सुरू राहिली तर टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच तयार करतो आणि सगळं कालच चित्रित केलेल्या दैनंदिन मालिकेसारखं दिसतं. खिडकीबाहेर तरंगणाऱ्या मुलाची जादू तर पार जाते. 'व्हिव्हिड' नको, 'सिनेमा' ठेवा. ब्राइटनेस वाढवायचा मोह टाळा. वाढवला की काळं राखाडी होतं आणि मार्स्टन हाऊस या कथेतल्या भयाण घराचं तळघर नुसतं सेटसारखं दिसायला लागतं. टीव्ही तसाच ठेवून खोली अंधारी करा.

नागपुरात कोणत्या दिवसांत पाहावी? उन्हाळ्यात चालेल का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, सातपर्यंत मिट्ट काळोख झालेला असतो, पंखाही लागत नाही. मेमध्ये पावणेसातपर्यंत उजेड आणि त्यानंतरही खोली भट्टीसारखी तापलेली. पण खरी अडचण कूलरची. या मालिकेत धक्के कमी आणि बारीक आवाज जास्त आहेत: काचेवर नखं, माडीवरच्या खोलीत करकरणारी झुलती खुर्ची, लाकडी जिना, मध्येच पसरलेली शांतता. खिडकीत बसवलेला कूलर यातलं सगळं गिळतो. मग आपण आवाज वाढवतो, आणि हॅरी सुकमनचं संगीत आलं की सगळे कानावर हात ठेवतात.

उन्हाळ्यातच पाहायची असेल तर असं करा. संध्याकाळी सहापासून कूलर जोरात चालवा, समोरची खिडकी उघडी ठेवून खोली गार करून घ्या. नऊच्या पुढे सुरुवात करा, तेव्हा कूलर बंद आणि पंखा मध्यम. मध्येच कूलर लावायची वेळ आलीच तर पाण्याचा पंप बंद ठेवून फक्त हवा घ्या, निदान पाण्याचा आवाज तरी जातो. एसीची खोली असेल तर प्रश्नच मिटला.

थंडीतही तारीख बघून ठरवा. लग्नसराईत जवळच्या लॉनवर वरात असली तर त्या रात्री नाद सोडा.

आवाजाची काही खास सेटिंग?

मूळ ध्वनी साधा, एका वाहिनीचा आहे. साउंडबारवर 'सराउंड' किंवा 'थ्रीडी' लावलं तर संवाद विहिरीतून आल्यासारखे ऐकू येतात. 'स्टँडर्ड' किंवा 'स्टिरिओ' ठेवा. इंग्रजी उपशीर्षकं सुरू ठेवायला हरकत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गावकऱ्यांची तोंडातल्या तोंडात बोलायची लकब पहिल्या अर्ध्या तासात अवघड जाते. खायला चिवडा-फरसाण नको, संत्रा बर्फी किंवा मऊ काहीतरी ठेवा. तर्री पोहे नंतर.

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजात दाखवता येईल?

हक्कधारकांची परवानगी असेल तर. घरी मित्रांसोबत पाहणं वेगळं आणि सभागृहात खेळ लावणं वेगळं. तिकीट नाही म्हणून परवानगी लागत नाही, असं धरून चालू नका.

मुलांना दाखवावी का?

रक्त जवळजवळ नाही. पण पिशाच होऊन परत येणारी पहिली दोघं लहान मुलं आहेत आणि ती आपल्याच घराच्या, आपल्याच मित्राच्या खिडकीशी येतात. मोठ्यांपेक्षा मुलांना हे जास्त लागतं. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्यांना नको. त्यापुढे मूल पाहून ठरवा, आणि त्या रात्री पडदे ओढून झोपू द्या.

पहिला तास इतका संथ का? भूत तर दिसतच नाही.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि आमचं म्हणणं ठाम आहे: पहिला तास हीच मालिका आहे.

पटकथा लिहिणाऱ्या पॉल मोनॅशने साठच्या दशकात 'पेटन प्लेस' ही गावातल्या लफड्यांवरची गाजलेली मालिका चालवली होती. इथेही तो आधी गाव उभं करतो. जमिनीचे व्यवहार करणारा लॅरी क्रॉकेट, त्याच्याकडे काम करणारी बॉनी सॉयर, ट्रक चालवणारा तिचा नवरा कली. ईव्हा मिलरचं भाड्याच्या खोल्यांचं घर. शाळेतला म्हातारा शिक्षक जेसन बर्क. हवालदार गिलेस्पी, ज्याला सगळं कळतं पण काही करायचं नसतं. प्रत्येक घरात काहीतरी लपवलेलं आहे आणि त्यामुळे कोणी कोणाच्या दारात मोकळेपणानं जात नाही. बार्लोला या गावात शिरायला फार ताकद लावावी लागत नाही ती त्यामुळेच. दुसऱ्या दिवशी एखादं दुकान उघडलं नाही, कोणी कामावर आलं नाही, तरी शेजारी विचारत नाहीत. एकेका घरानं गाव रिकामं होतं आणि आठवडा उलटेपर्यंत आरडाओरड होत नाही.

किंगला ही कादंबरी सुचली तीच मुळी या प्रश्नातून: ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनऐवजी विसाव्या शतकातल्या अमेरिकी खेड्यात आला तर? कादंबरीत गावाची लोकसंख्या १३१९ दिली आहे. इतक्या लहान वस्तीत खरं तर एक माणूस कमी झाला तरी बोभाटा व्हायला हवा. तो का होत नाही, हे दाखवायला तासभर लागतो. मार्स्टन हाऊसही त्यासाठीच टेकडीवर आहे. सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला जसा खालून जाता-येता नजरेला पडतो, तसं ते घर गावातल्या प्रत्येकाला रोज दिसतं आणि तरी कोणी त्याच्याकडे मान वर करून बघत नाही.

कादंबरीत बार्लो बोलतो, सुसंस्कृत आहे. इथे मुका राक्षस का केला?

निर्माता कोब्रिट्झचा निर्णय. १९७९ हे साल लक्षात घ्या. त्याच वर्षी फ्रँक लँजेलाचा देखणा, प्रेमिक ड्रॅक्युला चित्रपटगृहांत आला. त्याच वर्षी 'लव्ह ॲट फर्स्ट बाइट'मध्ये ड्रॅक्युलाची थट्टा झाली. काळा झगा घालून गोड बोलणाऱ्या पिशाचाला पाहून लोक एक तर भाळत होते, नाही तर हसत होते. कोब्रिट्झला यातलं काहीच नको होतं, म्हणून तो मागे गेला, थेट जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२ सालच्या मूक 'नोस्फेराटू'कडे. टक्कल, टोकदार कान, पुढचे दोन लांब दात, निळसर कातडी.

याची किंमत होती आणि ती मोजली गेली. कादंबरीतला बार्लो समोरच्याला बोलून फोडतो, ते सगळं गेलं. पण ते शब्द वाया गेले नाहीत, ते स्ट्रेकरला मिळाले. जेम्स मेसन अत्यंत सभ्यपणे, एकही आवाज न चढवता, जुन्या वस्तूंच्या दुकानात उभा राहून गिऱ्हाइकाशी बोलतो आणि अंगावर काटा येतो. स्वयंपाकघरातल्या प्रसंगात ही वाटणी सगळ्यांत नीट दिसते. पेट्री कुटुंब आणि फादर कॅलहन टेबलाशी बसलेत. घर हादरतं, काहीतरी काळं आत येऊन जमिनीवर पडतं आणि त्यातून बार्लो हळूहळू सरळ उभा राहतो. तो एक शब्द बोलत नाही. बोलतो तो नंतर शांतपणे आत आलेला स्ट्रेकर, मालकाच्या वतीनं, पाद्र्याच्या श्रद्धेला आव्हान देत. एकाकडे फक्त तोंड, दुसऱ्याकडे फक्त दात. कादंबरीहून वेगळं आहे, पण पडद्यासाठी आम्हाला हेच जास्त योग्य वाटतं.

खिडकीबाहेर तरंगणारा मुलगा कसा चित्रित केला?

तारांनी नाही. तारेवर टांगलेलं माणूस लंबकासारखं झुलतं, खांदे वर ओढले जातात, आणि प्रेक्षकाला तार दिसली नाही तरी ती आहे हे कळतं. इथे नटाला क्रेनच्या दांड्याला बसवलं आणि दांडा शरीरामागे लपेल अशा कोनातून कॅमेरा लावला. त्यामुळे डॅनीचा धाकटा भाऊ राल्फी ग्लिक झुलत नाही, घसरत आल्यासारखा सरळ पुढे येतो. दुसरी युक्ती म्हणजे चित्रण उलटं केलं. नट मागे गेला आणि फिल्म उलटी चालवली की तो पुढे येताना दिसतो. हे ओळखायचं असेल तर मुलाकडे पाहू नका, धुक्याकडे पाहा. धूर पसरायच्या ऐवजी गोळा होत असतो. प्रेक्षकाच्या हे लक्षात येत नाही, फक्त काहीतरी चुकतंय असं सतत वाटत राहतं.

बाकी काम त्या चेहऱ्यावरच्या हसण्यानं आणि काचेवरच्या नखांनी केलं आहे. धाकटा भाऊ हसतोय, खूप दिवसांनी घरी आलाय, आत घे म्हणतोय. डॅनी उठतो आणि खिडकी उघडतो. हूपरने इथे किंकाळी ठेवलेली नाही. टीव्हीच्या वाहिनीला रक्त चालणार नव्हतं, हे खरं. पण या प्रसंगात ते बंधन त्याच्या पथ्यावर पडलं.

पिशाचांचे डोळे चमकतात ते संगणकावर केलंय का?

१९७९ मध्ये टीव्हीसाठी ती सोय नव्हती. प्रकाश परत फेकणाऱ्या खास कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्या. त्या डोळ्यांत एका वेळी पंधराएक मिनिटंच ठेवता येत, मग काढून अर्धा तास विश्रांती. म्हणून डोळे चमकणारे प्रसंग तुटक आणि छोटे आहेत. चमक दिव्याच्या कोनावर अवलंबून असल्यानं एकाच प्रसंगात ती कमी-जास्तही होते. प्रतीचा दोष नाही.

मार्स्टन हाऊस खरंखुरं आहे का?

दर्शनी भाग तेवढा. कथा मेन राज्यात घडते, पण बाहेरचं चित्रण कॅलिफोर्नियातल्या फर्नडेल गावात झालं. तिथे टेकडीवर आधीपासून असलेल्या एका लहान घराभोवती हा दर्शनी भाग उभारला, खर्च सुमारे एक लाख डॉलर. आतल्या खोल्या स्टुडिओत, त्यांचा खर्च सुमारे सत्तर हजार. बाहेरून घर जेवढं दिसतं त्यापेक्षा आत जास्त मोठं वाटतं, त्याचं कारण हे. भिंतींचे पोपडे, पेंढा भरलेली जनावरं, भिंतीवरची शिंगं नीट पाहून ठेवा. शिंगांचं पुढे काम आहे.

इथून पुढे शेवट उघड होतो.

कादंबरीतलं काय गाळलं, काय बदललं?

सगळ्यांत मोठा बदल माणसं एकत्र करण्याचा. कादंबरीतला तरुण डॉक्टर जिमी कोडी मालिकेत नाही. त्याचं काम सुझनच्या वडिलांना दिलं आणि त्यांनाच डॉक्टर केलं. कादंबरीत जिमी कोडी तळघरातल्या सुऱ्यांवर पडून मरतो. इथे सुझनच्या वडिलांना, डॉक्टर नॉर्टनना, स्ट्रेकर उचलून भिंतीवरच्या शिंगांवर फेकतो. मॅट बर्कचं नाव जेसन झालं. स्ट्रेकरचं मरणही बदललं: कादंबरीत त्याला त्याचा मालकच संपवतो, मालिकेत बेन गोळ्या घालतो.

गाळलेल्यांत कचराडेपोचा राखणदार डड रॉजर्स आणि तान्ह्या बाळाची आई सँडी मॅकडूगल. सँडीचा भाग कादंबरीतला सर्वांत क्रूर आहे आणि तो त्या काळी टीव्हीवर दाखवणं शक्यच नव्हतं. डडचं जाणं मात्र खटकतं, त्याच्यामुळे गावाची कडेची वस्ती दिसायची.

मार्कनं डॅनीला हाकलायला वापरलेला क्रूस त्याच्या खेळण्यातल्या स्मशानातला असतो. हे कादंबरीत आहे तसंच ठेवलं, हे फार बरं केलं.

फादर कॅलहनचं पुढे काय होतं?

मालिकेत त्याची कथा स्वयंपाकघरातल्या त्या प्रसंगापाशीच सुटते, हे तिचं मोठं उणेपण. कादंबरीत बार्लो त्याला स्वतःचं रक्त पाजतो, मग त्याला स्वतःच्या चर्चमध्ये पाऊल टाकता येत नाही आणि तो रात्रीच्या बसनं गाव सोडतो. किंगनं त्याला पुढे 'डार्क टॉवर' मालिकेच्या पाचव्या पुस्तकात, २००३ साली परत आणलं. ज्यांना त्याची चुटपुट लागते त्यांनी ते वाचावं.

ग्वाटेमाला मध्येच कुठून आलं?

मालिका तिथूनच सुरू होते: बेन आणि मार्क एका चर्चमधून बाटल्यांत पवित्र पाणी भरून घेतात आणि बाटली चमकायला लागते. चमकली म्हणजे जवळ कोणीतरी आलंय. पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग विसरला जातो, म्हणून शेवटी गोंधळ होतो. कादंबरीत ते मेक्सिकोत जातात आणि पिशाच झालेल्या सुझनला बेननं गावातच मुक्ती दिलेली असते. मालिकेनं तिला शेवटपर्यंत राखून ठेवलं. ग्वाटेमालातल्या खोलीत ती बेनची वाट पाहत पडलेली असते. सूळ उचलताना डेव्हिड सोलच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्याचं या तीन तासांतलं सर्वांत चांगलं काम आहे.

दुसऱ्यांदा पाहताना लक्ष कुठे ठेवू?

खिडक्यांकडे. कोण पडदा लावतं, कोण लावत नाही. मग मार्स्टन हाऊसवर येणाऱ्या मोठ्या खोक्याच्या पोचवणीकडे: हमालांनी तळघराला कुलपं लावायची असतात, ते भीतीनं न लावताच पळतात, आणि इथून सगळं सुरू होतं. झुलत्या खुर्चीच्या प्रसंगात माइक झालेल्या जेफ्री लुईसचे हात पाहा, तो चेहऱ्यापेक्षा बोटांनी जास्त घाबरवतो. आणि गावातले दिवे. सुरुवातीला रात्रीच्या दृश्यांत किती घरांत उजेड आहे आणि शेवटच्या पाऊण तासात किती, ते पाहा. हवालदार गिलेस्पी सामान गाडीत भरतो तेव्हा रस्त्यावर कोणीच नसतं आणि त्यालाही कोणाचा निरोप घ्यावासा वाटत नाही.

खरंच इतकी चांगली आहे का? दोष काहीच नाहीत?

आहेत. डेव्हिड सोल पहिल्या भागात कोरडा वाटतो. जाहिरातींसाठी ठेवलेले तुकडे जाणवतात. दर काही मिनिटांनी प्रसंग चढतो आणि एकदम काळोख होतो. बार्लोचा अंत घाईत उरकला आहे: तीन तास ज्याची भीती घातली तो तळघरात काही मिनिटांत संपतो. निळा रंग पहिल्या दर्शनाला दचकवतो, पण चौथ्या-पाचव्यांदा भर उजेडात पाहिला की रंगच दिसतो.

मराठीत असं काही आहे का? 'लुचाई' आधी वाचू की नंतर?

नारायण धारपांची 'लुचाई' याच कादंबरीवर बेतलेली आहे. मालिका आधी पाहा, 'लुचाई' नंतर वाचा. उलट केलंत तर मालिकेतली उत्सुकता जाते. पण मालिका पाहून 'लुचाई' घेतली तर धारपांनी मराठी वाचकासाठी काय राखलं आणि काय बदललं हे पानोपानी तपासता येतं, आणि ती मजा वेगळीच. सीताबर्डीच्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा, नाही तर जवळच्या वाचनालयात. जुन्या वाचनालयांत धारपांचं कपाट बहुधा असतंच. विदर्भाशी त्यांचा एक आडवळणाचा धागाही आहे. 'तुंबाड'चा दिग्दर्शक राही अनिल बर्वे याला १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्रानं धारपांची एक कथा सांगितली होती, आणि त्या भीतीतून पुढे तो चित्रपट उभा राहिला.

यानंतर काय पाहावं?

दोन नावं. एक, बीबीसीची १९७७ सालची 'काउंट ड्रॅक्युला': लुई जॉर्डन ड्रॅक्युला, फ्रँक फिनले व्हॅन हेल्सिंग, अडीच तास. स्टोकरच्या कादंबरीला इतकं धरून असलेलं रूपांतर विरळाच, आणि इंग्लंडमधल्या व्हिटबी गावातले प्रसंग प्रत्यक्ष व्हिटबीत चित्रित केले आहेत. आतली दृश्यं व्हिडिओवर आणि बाहेरची फिल्मवर असल्यानं दार उघडून माणूस बाहेर पडला की चित्राचा पोत बदलतो. तेव्हाही टीव्हीचं सेटिंग बदलायला जाऊ नका.

दुसरी १९९० सालची 'इट', तीही किंगचीच, एबीसी वाहिनीवर दोन भागांत आलेली. तिचा पहिला भाग दुसऱ्यापेक्षा खूप सरस आहे, तेव्हा पहिल्या रात्री जे जमतील त्यांना दुसऱ्या रात्रीचा आग्रह करू नका. धारपांची 'शपथ' त्याच कथेवर बेतलेली आहे. ती जाडजूड आहे, वाचायला घ्यायची तर सुटी बघून घ्या.